फुकटच्या खेळाचा हिशेब

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील इस्लापूर हे किनवट तालुक्यातील गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते सहस्रकुंडच्या धबधब्यामुळे. कापूस-सोयाबीनच्या या टापूत अनेक घरांत धड चालणारा मोबाइल एकच असतो. बियाण्याचे पैसे त्यावरूनच चुकते होतात आणि शाळेतून आलेले पोर त्यावरच खेळते. खेळ फुकट असल्याचे मूल सांगते आणि बापाचा त्यावर विश्वास बसतो. या फुकटेपणाचा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे.

फुकट खेळांनी गरिबाच्या मुलासाठी एक बंद दार उघडले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मोठ्या कंपनीचा नवा खेळ विकत घ्यायचा तर चार-पाच हजार रुपये लागतात. रोजगार हमीवर महाराष्ट्रात 2025-26 साठी ठरलेली मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे एका खेळासाठी पंधरवड्याची मजुरी द्यावी लागली असती. तेव्हा ‘पूर्वीसारखा पैसे मोजून खेळ विकत घ्या’ एवढेच सांगणे म्हणजे इस्लापूरच्या मुलाला पुन्हा दाराबाहेर उभे करणे होय.

परंतु फुकट खेळाचा खर्च कोणीतरी भरतोच. थोडेजण पैसे देतात. उरलेले बहुसंख्य जाहिराती पाहून आणि पैसे देणाऱ्यांना प्रतिस्पर्धी पुरवून आपला वाटा उचलतात. मग न देणाऱ्याला देणारा बनविण्यासाठी खेळाची रचनाच वाकविली जाते. ऐन रंगात वाट पाहायला लावायची, हातचे जाण्याची भीती घालायची, आत काय निघेल ते न सांगता बंद पेटी विकायची. शिवाय किंमत रुपयांत न सांगता हिऱ्यांत किंवा नाण्यांत सांगायची. निजामी राजवटीत हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार शेजारी शेजारी चालत आणि सुमारे सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब पडे. दोन चलनांमधला बट्टा अडाण्याच्या खिशातून जातो, हे मराठवाड्याला कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. त्या काळी निदान दोन्ही नाणी बाजारात चालत; खेळातला हिरा खेळाबाहेर कवडीमोलाचा ठरतो.

ही तक्रार केवळ आपल्याकडची नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 साली विकतच्या बंद पेट्यांना जुगार ठरविले. अमेरिकेत एपिक गेम्स या कंपनीने, नको ती खरेदी ग्राहकांच्या गळ्यात मारल्याच्या आरोपावरून, 24.5 कोटी डॉलर परत करण्याचे डिसेंबर 2022 मध्ये मान्य केले. भारताच्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. एकरकमी प्रवेशशुल्क किंवा वर्गणी घेणाऱ्या खेळांना मात्र, ती रक्कम पणाला लावलेली नसेल तर, त्याच कायद्याने मोकळीक ठेवली आहे. ही वाट योग्य आहे. पण कायद्याचा रोख पैसा जिंकण्याच्या आशेवर आहे. केवळ गमावण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पेटीचे नाव त्यात नाही.

मग पर्याय कोणते? 1993 साली ‘डूम’ या खेळाचा पहिला भाग फुकट वाटला गेला आणि पुढचे भाग आवडलेल्यांनी विकत घेतले. ‘हंबल बंडल’ने 2010 पासून अनेक खेळ ग्राहक देईल त्या किमतीला विकून दाखविले, आपला बहुरूपी खेळ झाल्यावर झोळी पुढे करतो, त्याचाच हा प्रकार. ‘स्टीम’ या विक्रीकेंद्रावर दोन तासांहून कमी खेळलेला खेळ चौदा दिवसांत परत करता येतो. मासिक वर्गणी हा चौथा मार्ग. पण तो पगारदारांच्या सोयीचा आहे. ज्या घरात पैसा कापूस विकल्यावरच येतो, त्याला दरमहा कापली जाणारी रक्कम सोसत नाही. अशा घराला परवडतो तो प्रदेशाच्या कुवतीप्रमाणे ठरविलेला, एकदाच द्यायचा, थोडका दर. माळेगावच्या यात्रेत पाळण्याचे तिकीट आधी कळते. पाळणा वर गेल्यावर उतरण्याचे वेगळे पैसे कोणी मागत नाही. खेळाच्या किमतीबाबत एवढाच न्याय हवा.

असा थोडका दर लहान निर्मात्याला परवडणार नाही, असा आक्षेप निघेल, आणि तो पोकळ नाही. मोबाइलवरील विक्रीतून दुकानदार कंपन्याच 15 ते 30 टक्के कापून घेतात. येथे सार्वजनिक पैशाचे काम सुरू होते. महाराष्ट्राने 1967 साली बालभारती उभारून पाठ्यपुस्तके केवळ बाजारावर सोडली नाहीत आणि त्याच वर्षी सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करून गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. चांगले मराठी खेळ शासनाने निर्मात्याला वाजवी मोल देऊन एकरकमी विकत घ्यावेत आणि शाळा-वाचनालयांतून मुलांना मोकळे करावेत. ग्रंथ विकत घेऊन सर्वांना वाचायला देणे समाजाला मान्य असेल, तर खेळाला वेगळा न्याय का?

तोवर तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत : खेळातील प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत छापली जावी, अठरा वर्षांखालील मुलांना बंद पेट्या विकण्यास मनाई व्हावी, आणि मोबाइल ज्याच्या नावावर आहे त्याची दर खरेदीला वेगळी संमती घेतली जावी. कार्यकर्त्यांनी या मागण्या आठवडी बाजारात आणि पालकसभांत न्याव्यात. मुलाला बदडून किंवा मोबाइल फोडून हा प्रश्न सुटत नाही. मूल खेळणारच, आणि खेळावेच. त्याच्या खेळण्याचे मोल कोण, किती आणि कोणत्या नाण्यात वसूल करतो, यावर समाजाचा अंकुश असला पाहिजे.