गाणं अडतंय कुठे?

रविवारची सकाळ. बाबांच्या हातात चहा, ॲम्प्लिफायर मस्त तापलेला, भीमसेनजींची तोडी रंगात आलेली. आलाप तार षड्जाच्या उंबरठ्यावर पोचला आणि... गाणं गप्प! स्क्रीनवर नुसतं गोल फिरणारं चक्र. बाबा काही बोलले नाहीत. उठले आणि कपाटातून जुनी कॅसेट काढली. त्यांच्या पंच्याहत्तरीला हा स्ट्रीमर हौसेनं मीच दिला होता, बॉस. ती कॅसेट जिव्हारी लागली!

मग आपण सगळे करतो तेच केलं. नेटचा प्लॅन १००चा २०० एमबीपीएस केला. पुढच्या रविवारी पुन्हा तीच रड.

तेव्हा कुठे गणित मांडलं. सीडीच्या दर्जाचं गाणं अजिबात न दाबता पाठवलं तरी सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, म्हणजे दीड एमबीपीएससुद्धा नाही. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झवालं हाय-रेझ गाणं घेतलं तरी साधारण सव्वानऊ. थोडक्यात, बाहेरून पाणी धो धो येत होतं. गळती घरातच होती!

आमचा राउटर होता टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकून. स्ट्रीमर दोन भिंतींपलीकडे, तोही २.४ गिगाहर्ट्झवर. याच पट्ट्यात ब्लूटूथ, शेजारपाजारचे राउटर आणि चक्क मायक्रोवेव्ह! आईची दूध गरम करायची वेळ नेमकी आलापाची. गुन्हेगार सापडला.

आता फुकटातले उपाय. राउटर उघड्यावर आणि उंचावर ठेवा. स्ट्रीमर ५ गिगाहर्ट्झवर जोडा. तिथे मायक्रोवेव्हची कटकट नाही, पण भिंती ओलांडताना हा सिग्नल लवकर दमतो. २.४वरच राहायचं असेल तर १, ६ आणि ११ यातला कमी गर्दीचा चॅनेल निवडा. हे तिघं एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत.

पण खरा रामबाण उपाय म्हणजे केबल. राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत साधी कॅट ६ वायर, भिंतीच्या कडेकडेनं. ही १०० मीटरपर्यंत आरामात चालते, आपला टू बीएचके किस झाड की पत्ती! घराला रंग काढणार असाल तर इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा, नेटच्या वायरसाठी वेगळा पाइप टाक म्हणून. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही? मग मेश वाय-फायचा एक डबा हाय-फायजवळ ठेवा आणि तिथून स्ट्रीमरला छोटी वायर द्या.

दुकानात मला ‘ऑडिओफाइल’ नेटवर्क केबलही दाखवली. किंमत ऐकून घाम फुटला. मंडळी, या फंदात पडू नका. वाटेत डेटाचा तुकडा हरवला तर स्ट्रीमर तो पुन्हा मागवून घेतो. धड चालणाऱ्या वायरपेक्षा महागड्या वायरीनं आवाजात गोडवा येत नाही. ते पैसे स्पीकर्ससाठी ठेवा.

या रविवारी आईनं दूध गरम केलं, मायक्रोवेव्ह घरघरला आणि तोडी शेवटपर्यंत चालली. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला, म्हणाले, “कॅसेट ठेवून दे रे कपाटात.” आणि मग हळूच, “टाकू नकोस हं पण!”