ददात आणि दाखला

मराठीत ‘ददात’ असा एक शब्द आहे. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी अशा रोजच्या जगण्याला लागणाऱ्या गोष्टींची उणीव, हा त्याचा अर्थ. गंमत अशी, की तो बहुधा नकाराचा हात धरूनच येतो. ‘घरी कशाची ददात नाही,’ असे मुलीसाठी स्थळ सुचवणारा म्हणतो. ‘आमच्या घरी ददात आहे,’ असे मात्र सहसा कुणी म्हणत नाही. ज्याच्यावर वेळ येते, तो ‘भागतंय कसंबसं’ एवढ्यावर थांबतो. बँकेच्या नोकरीत उपनगरांतल्या शाखांमध्ये मी हेच पाहिले. खात्यातले शेवटचे पैसे काढायला आलेला माणूस ‘जरा अडचण आहे’ एवढेच पुटपुटायचा. बाकीचे स्लिपवरचा आकडा सांगायचा.

सरकारी कचेरीत असे झाकून चालत नाही. तिथला शब्द ‘निराधार’. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. घाटकोपर-मुलुंडकडची विधवा त्यासाठी कुर्ला तहसीलकडे अर्ज करते, आणि उत्पन्नाचा दाखला जोडते. २०२३ साली हे अनुदान दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाले, ही चांगलीच गोष्ट. पण तेव्हाही कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांचीच होती. म्हणजे महिन्याला १,७५०. दोन घरची धुणीभांडी करून महिना दोन हजार आणणारी बाई या हिशेबात बसत नाही. तिच्या डब्यात तांदूळ किती उरला, हे दाखल्यावर कुठे लिहायचे?

दोन्ही शब्दांत फरक आहे. आधार नसणे वेगळे, ददात असणे वेगळे. कमावता मुलगा असलेल्या घरातही औषधाची ददात असू शकते. मदत ठरवताना घरात काय कमी पडते, हे आधी विचारायला हवे.

निदान एवढे तरी व्हावे. बँक कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता किंमत निर्देशांकाप्रमाणे दर तीन महिन्यांनी बदलतो. वाण्याच्या दुकानातले भाव सर्वांना सारखेच. मग गरिबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे एका आकड्यावर का अडावी? तीही निर्देशांकाला जोडावी, वर्षातून एकदा तपासावी. आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशी ‘भागतंय’ म्हणाल्या, तर तेवढ्यावर विषय संपवू नये. काय कमी पडतंय, ते आपणच हळूच विचारावे.