पट्टी लावण्याआधी पोट पाहा

धाकटी डहाणूला किंवा तलासरीच्या झाई बंदरात डोल जाळ्याची मासळी उतरली, की पाटीतले बोटभर मासे सगळेच चंदेरी दिसतात. ही चमक ओळखीच्या कामाची नाही. ती त्वचेतल्या ग्वानिनच्या स्फटिकांची. उघड्या पाण्यात शिकाऱ्याची नजर चुकवण्यासाठी एकमेकांशी दूरचेही नाते नसलेल्या माशांनी ती कमावली आहे. शिवाय जाळ्यात घासून खवले झडतात, बर्फात रंग विटतो. तरीही नोंदवहीत रंगावरूनच नावे पडतात, आणि आता ते परवडणारे नाही. 2023 साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा ठरले, त्याच वर्षी राज्याने 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली; पापलेटाची 135 मिलिमीटर. जात चुकली तर पट्टी बरोबर लावूनही कारवाई चुकणार.

पिल्लांच्या बाबतीत पोट पाहणे सर्वांत खात्रीचे. पापलेटाला कोणत्याही वयात पोटाखालचे पर नसतात. हलव्याच्या पिल्लाला ते असतात, वाढीबरोबर नाहीसे होतात. म्हणून मोठ्या माशात शेपटीच्या बुडाशी टणक खवल्यांची धार चाचपावी, ती हलव्याची. चपट्या बुळबुळीत कापाचे तोंड ओढले की नळीसारखे पुढे येते. तारलीच्या पोटाला करवतीसारखी कड असते. मांदेलीचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो आणि शेपटी निमुळती होत संपते. तिच्याबद्दल वाद क्वचितच होतो.

मांगेला या मच्छीमार समाजातल्या बायका हे एका नजरेत सांगतात, मग हा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. त्यांची नजर पक्की आहे, पण ती विकल्या जाणाऱ्या मासळीवर तयार झालेली. कुट्यात, म्हणजे खत-खाद्याच्या किरकोळ मासळीत, जाणारी पिल्ले वेगळी काढायचे त्यांना कारणच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारतीय किनाऱ्यावरच्या ज्या पापलेटाला आपण पॅम्पस अर्जेंटियस म्हणत आलो, ते पॅम्पस कॅन्डिडस असल्याचे 2019 मध्ये संशोधकांनी शरीररचनेबरोबर डीएनए तपासून मांडले. मग नुसत्या दिसण्यावर विसंबावे का? जवळच्या भावंडांपुरता हा आक्षेप मान्य. पण पापलेट की हलवा, हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही, आणि बंदरावरचा लिलाव अहवालासाठी थांबत नाही. शंका उरलीच, तर नोंद गटाच्या नावाने करावी, दोन्ही बाजूंचे फोटो पट्टीसह काढावेत, आणि नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो.