भेग, श्लेष आणि छायाचित्र

शब्दश्लेष आणि अर्थश्लेष यांतील भेद ओळखण्यासाठी मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त एक कसोटी वापरली आहे. शब्दाच्या जागी त्याचा पर्याय ठेवून पाहावा. श्लेष नाहीसा झाला तर तो शब्दाचा, टिकला तर अर्थाचा. वऱ्हाडातील रोजच्या भूदृश्यांच्या छायाचित्रांनाही ही कसोटी लावून पाहावी असे मला वाटते. येथे बदलून पाहायचे ते चित्राखालचे शीर्षक.

मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी बंद पडली आहे. गवतात बुडालेल्या तिच्या रुळांच्या छायाचित्राखाली ‘विस्मृत शकुंतला’ असे लिहिले की वाचकाला कालिदास आठवतो आणि तो सुखावतो. शीर्षक काढले तर मात्र उरतात कोठलेही गंजलेले रूळ. दुष्यंताचे विस्मरण चित्रात नसून केवळ नावात आहे. हा शब्दश्लेष झाला. तो निरुपद्रवी असल्याने त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या प्रकाराबद्दल. अकोला-अमरावतीच्या शिवारातील भेगाळलेली काळी जमीन टिपायची आणि खाली ‘तडकलेली स्वप्ने’ असे काहीतरी लिहायचे. वस्तुतः ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. पाऊसमान चांगले झालेल्या वर्षानंतरही उन्हाळ्यात तिला भेगा पडतातच, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्याच भेगांतून खोल उतरते. वैशाखातली भेग ही एवढ्यावरून दुष्काळाची साक्ष ठरत नाही. कापूस पिकवणाऱ्याचे संकट खरेच आहे. पण ते भावात, कर्जात आणि कोरडवाहू शेतीच्या अनिश्चिततेत आहे. कॅमेऱ्याला ते सहजी दिसत नाही, म्हणून दिसणाऱ्या भेगेवर ते लादले जाते. अशा वेळी शब्द चित्राला खोटी साक्ष द्यायला लावतो आणि पाहणाऱ्याला खऱ्या कारणांपासून दूर नेतो.

याच शब्दात एक खरा श्लेषही आहे. मराठीत भेगा जमिनीला पडतात, तशा टाचेलाही पडतात. कापूस वेचणाऱ्या बाईची टाच आणि उन्हाळ्यातले वावर अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवली, तर शीर्षकावाचूनही नजर एकीकडून दुसरीकडे जाते. मग फरकही जाणवतो: पाऊस आला की जमिनीची भेग बुजते, टाचेची तशी बुजत नाही. हे साम्य आणि हा भेद दोन्ही चित्रांतच आहेत.

वर्गात छायाचित्र दाखवताना शिक्षकांनी आधी शीर्षक झाकावे आणि विद्यार्थ्यांना काय दिसते ते विचारावे. शीर्षक त्यानंतर वाचावे.