महाजालाचा पुनर्विकास

गिरगावातील जुन्या चाळी, परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जमिनी आणि नायगावच्या बीडीडी चाळी यांनी मुंबईच्या मराठी माणसाला एक शब्द पुरता शिकविला आहे. तो शब्द म्हणजे ‘पुनर्विकास’. नवा आराखडा पुढे आला की तेथील जाणता रहिवासी इमारत किती मजली होणार हे आधी विचारीत नाही. कोणाच्या वाट्याला काय येणार, हे विचारतो. या प्रश्नाचे मोल त्याला अनुभवाने कळले आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरविले होते: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, दुसरा म्हाडाच्या घरांसाठी आणि तिसरा मालकासाठी. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. नियमातील मोजक्या शब्दांच्या फरकाने अवघ्या गिरणगावाचा नकाशा पालटला.

महाजाल आज कोऱ्या कागदावर नव्याने आखायचे झाले तर ते कसे असावे, हा प्रश्न सध्या जगभरातील तंत्रज्ञ विचारीत आहेत. त्या प्रश्नाकडेही गिरणगावाच्या याच दृष्टीने पाहावयास हवे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत महाजालाची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र जगासाठी विनामूल्य खुले केले. या औदार्याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. परंतु मूळ आराखड्यात तीन दालने राहून गेली: सर्व भाषांचे, मोबदल्याचे आणि स्मृतीचे.

प्रथम भाषा. संगणकाची जी वर्णमाला १९६३ मध्ये प्रमाण ठरली, तिच्यात अवघी १२८ स्थाने होती आणि देवनागरीसाठी त्यांतील एकही नव्हते. यंत्रापुढे लिपीची अडचण होण्याची ही पहिली वेळ नव्हे. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये मुंबईत टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना उभारला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कुशल कारागिराने पोलादावर अक्षरे कोरली आणि यंत्र लिपीच्या सेवेला जुंपले गेले. पुढे छपाई सुलभ व्हावी म्हणून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली; म्हणजे लिपीने यंत्राकडे दोन पावले टाकावीत असे सुचविले. दोन्ही मार्गांमागे एकच निर्धार होता: नव्या यंत्रावाचून मराठी अडून राहता कामा नये.

महाजालावर मात्र मराठीला दीर्घकाळ पोटभाडेकरू होऊन राहावे लागले. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला हक्काची जागा मिळाली. पण ‘ॲ’ या मराठी अक्षराला स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडले. आजही अनेक पडद्यांवर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाऐवजी हिंदी वळणाने उमटतात. ‘मराठी’ हा शब्द प्रचलित पद्धतीने साठविण्यास १५ बाइट लागतात, रोमन लिपीत तोच शब्द ७ बाइटांत मावतो. २०१४ मध्ये ‘.भारत’ हा पत्ता देवनागरीत मिळू लागला, याचा आनंदच आहे. परंतु आत डोकावल्यास त्या नावाचे रोमन अक्षरांत रूपांतर होऊनच व्यवहार चालतो. दारावरची पाटी मराठी झाली, दप्तर अद्याप परकेच आहे. नवा आराखडा झालाच, तर सर्व लिपींना पायापासून समान स्थान, ही त्याची पहिली अट असली पाहिजे.

दुसरे दालन मोबदल्याचे. महाजालाच्या नियमांत ४०२ हा संकेतांक ‘पैसे भरणे आवश्यक’ या अर्थासाठी राखून ठेवला होता. त्यामागची व्यवस्था मात्र दीर्घकाळ उभी राहिली नाही. जेथे मूल्य चुकविण्याची सोय नव्हती, तेथे जाहिरात आली आणि जाहिरातीमागोमाग वाचकाच्या प्रत्येक हालचालीची टेहळणी आली. पाने फुकट मिळाली, पण त्यांची किंमत खासगीपणाने मोजावी लागली. येथे भारताचा अनुभव मार्गदर्शक आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत नियम सामाईक आहेत आणि त्यांवर दुकान थाटण्यास अनेकांना वाव आहे. दादरच्या भाजीवाल्याला गिऱ्हाइकाची बँक कोणती हे विचारावे लागत नाही. अर्थात तेथेही बहुतांश व्यवहार दोन खासगी ॲपांच्या हाती एकवटले आहेत, हे विसरून चालणार नाही. रस्ता सार्वजनिक असणे पुरेसे नाही. त्यावर मक्तेदारी होऊ नये यासाठी जागता पहाराही लागतो.

तिसरे दालन स्मृतीचे, आणि मराठी समाजासाठी तेच सर्वाधिक चिंतेचे. निर्णयसागरचे शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक ग्रंथालयात आजही उघडून वाचता येते. पंचवीस वर्षांपूर्वीचे मराठी संकेतस्थळ मात्र अनेकदा वाचता येत नाही, कारण त्या काळी ज्याचा त्याचा फाँट निराळा होता. तो फाँट नाहीसा झाला की लेखाची निरर्थक चिन्हे होतात. ती शोधयंत्राला सापडत नाहीत आणि आजच्या कृत्रिम प्रज्ञेलाही समजत नाहीत. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ‘ऑर्कुट’ बंद झाले आणि तेथे जमलेल्या मराठी समूहांचा अड्डा मोडला. परक्याच्या ओसरीवर मांडलेला संसार ओसरीच्या मालकाने आवरता घेतला, तर तक्रार कोणाकडे करायची?

महाजाल नव्याने आखण्याचा अधिकार आज गिरगावच्या वा लालबागच्या हाती नाही, हे खरे. पण आपल्या वाट्याची खोली नीट बांधणे कोणीही अडविलेले नाही. केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्या परंपरेतील किती मंडळांच्या स्मरणिका, हिशेब आणि छायाचित्रे आज स्वतःच्या संग्रहात सुरक्षित आहेत, आणि किती केवळ एखाद्या परदेशी कंपनीच्या खात्यावर विसंबून आहेत, याचा शोध प्रत्येक मंडळाने घ्यावा. जुने मजकूर युनिकोडमध्ये आणावेत, स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ ठेवावे, एक प्रत ग्रंथालयात द्यावी. ज्या घरांतील तरुण संगणक क्षेत्रात आहेत, त्यांनी सुटीचे काही दिवस या कामाला द्यावेत.

पुनर्विकासाच्या बैठकीत ज्याच्यापाशी कागदपत्रे असतात, त्याचाच हक्क ऐकला जातो. उद्याच्या महाजालाची वाटणी होईल तेव्हा मराठीचे दप्तर मराठी माणसापाशीच असले पाहिजे.