वादळाने आणलेली वाळू



३ जून २०२० ची दुपार रायगडातलं कुठलंच घर विसरणार नाही. लॉकडाऊनमुळे सगळे घरातच होते. दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. इथे पेणला आमच्या घराचे पत्रे उडाले आणि तिकडे श्रीवर्धनला माझ्या खालाजानची सुपारीची वाडी आडवी झाली.

फोन बंद होते. रस्ता मोकळा झाल्यावर भेटायला गेलो, तर खालाजान झाडांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “बेटी, ही वाळू बघ. समुद्र कधी इथवर आला नव्हता.”

त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा होता. मी थोडी डब्यात भरून आणली. मी भाषा शिकवणारी बाई, पण त्या डब्याने मला समुद्र शिकवला.

घरी मुलांना घेऊन एक प्रयोग करून बघा. काचेच्या बरणीत पाणी, वाळू आणि मूठभर माती घालून जोराने हलवा. मग बरणी ठेवून द्या. जाड वाळू लगेच तळाला बसते, बारीक गाळ तासन्‌तास तरंगतो. वादळात हेच होतं. खवळलेली लाट तळाची वाळू-शिंपले उचलून आत फेकते आणि जोर ओसरला की टाकून जाते. पुढे त्यावर माती चढते. शास्त्रज्ञ खाडीकाठी नळी खोल रुतवून मातीचे थर काढतात. मऊ गाळात मध्येच शिंपल्यांच्या वाळूचा पट्टा दिसला, की तिथे जुनं वादळ येऊन गेल्याची शंका घेतात. ज्याची कुठे नोंद नाही, त्याचीही खूण अशी मातीत सापडते.

प्रवाळाचंही असंच आहे. प्रवाळ म्हणजे मरजान. सूरह रहमानमुळे हा शब्द आपल्या घराघरांत माहीत आहे. आपल्या राज्यात तो मालवणच्या समुद्रात आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत ‘आंग्रिया बँक’ या बुडालेल्या पठारावर आढळतो. वादळात त्याच्या फांद्या मोडतात. पण काही तुकडे रुजून पुन्हा वाढतात आणि बाकीच्यांचा चुरा किनाऱ्याला भर घालतो. १९७२ साली पॅसिफिक महासागरातल्या फुनाफुती बेटावर ‘बेबे’ वादळाने प्रवाळाच्या तुकड्यांचा सुमारे १९ किलोमीटर लांबीचा बांध उभा केला. पुढे लाटांनी तोच चुरा बेटाकडे ढकलला. समुद्र तापला, प्रवाळ पांढरा पडून मेला, तर मात्र ही भरपाई होत नाही.

आपल्या धरमतर खाडीत मरजान नाही. त्याला स्वच्छ पाणी आणि ऊन लागतं. आपलं पाणी गढूळ. इथे लाट अडवण्याचं काम कांदळवन करतं. त्याच्या मुळांत पाणी मंदावतं, गाळ खाली बसतो आणि मागचा बांध वाचतो.

इथेच खारेपाटातल्या शेतकऱ्याची तक्रारही ऐकली पाहिजे. उधाणात बांधाला खांड पडली आणि ती वेळेवर बुजवली नाही, तर खारं पाणी भातशेतीत शिरतं. दोन-तीन वर्षांत शेतातच कांदळ उगवते आणि मग ती तोडायला कायदा आड येतो. शेतही गेलं, जमीनही अडकली. त्याचा राग समजतो. पण दोष झाडाचा नाही, उघड्या राहिलेल्या खांडीचा आहे. कांदळ बांधाच्या बाहेर हवी, भात आत. दोन्ही टिकवायचं, तर पावसाळ्याआधी सगळ्या गावाने मिळून बांध फिरून बघायला हवा. फुटल्यावर धावण्यात अर्थ नाही.

खालाजाननी पुढच्या पावसात सुपारीची रोपं लावली. सुपारीला फळ धरायला बरीच वर्षं लागतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. या वेळी मात्र समुद्राच्या बाजूला आधी केवड्याची दाट रांग लावून घेतली. मी विचारलं, तर म्हणाल्या, “वाळू परत येईल गं. तिला अडायला कुणीतरी हवं ना!”