रकाने कोण आखतंय?



बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यावस्त्यांतून एकच सवाल ऐकू येतो. कॉम्प्युटर घेऊ की आर्ट्स? पोरगं गणितात बरं असलं की बाप म्हणतो, कॉम्प्युटर घे, दोन पैसे मिळतील, घर वर येईल. पोरगी वाचणारी, चार माणसांत बोलणारी असली की कार्यकर्ते म्हणतात, समाजशास्त्र घे, चळवळीच्या कामी येशील. म्हणजे वाटणी ठरलेली. कॉम्प्युटर पोटासाठी, समाजशास्त्र चळवळीसाठी. एकानं पगार आणायचा, दुसऱ्यानं घोषणा द्यायच्या, आणि दोघांनी एकमेकांच्या वह्यांत डोकवायचं नाही.

मला ही वाटणी मान्य नाही. ज्याला हिशेब येतो त्याला समाज कळू द्यायचा नाही, आणि ज्याला समाज कळतो त्याच्या हातात हिशेब द्यायचा नाही, हा कावा या देशात जुना आहे. आता तो नव्या कपड्यात आलाय इतकंच.

आज आपल्या माणसाचं रेशन, स्कॉलरशिप, घरकुल, हजेरी, जातीचा दाखला, सगळं यंत्रातून जातं. पूर्वी तलाठी होता. हरामखोर असला तरी त्याच्या तोंडावर ओरडता तरी यायचं. आता खिडकीमागचा माणूस म्हणतो, 'सिस्टिम घेत नाही.' संपलं! पण ही सिस्टिम काय आभाळातून पडली? कुणीतरी खुर्चीवर बसून ठरवलं की फॉर्मात किती रकाने असतील, कुठल्या रकान्यात काय चालेल आणि काय चालणार नाही. त्या खुर्चीबद्दल मी आज बोलतोय. तिथं बसायला कॉम्प्युटर लागतो. तिथं बसून माणसासारखं वागायला समाज कळावा लागतो. दोन्ही एका डोक्यात नसले की काय होतं, ते बघा.

२०११ साली सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणना सुरू झाली. १९३१ नंतर पहिल्यांदा देशभर सगळ्यांना जात विचारली गेली. जातीचे आकडे बाहेर आलेच नाहीत. महाराष्ट्र सरकार ओबीसींच्या आकड्यांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २०२१ च्या सप्टेंबरात केंद्रानं प्रतिज्ञापत्र दिलं. काय म्हणालं? १९३१ मध्ये देशात ४,१४७ जाती होत्या, या मोजणीत ४६ लाखांच्या वर निघाल्या. एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७ निघाल्या. राज्याच्या याद्यांवर एससी, एसटी, ओबीसी मिळून जाती किती? ४९४. केरळात माप्पिला हा एकच समाज चाळीस तऱ्हांनी लिहिला गेला आणि त्याच्या चाळीस जाती झाल्या. म्हणून ही माहिती म्हणे निरुपयोगी.

च्यायला, ऐंशी वर्षांनी प्रश्न विचारला आणि उत्तराला मोकळा रकाना ठेवला! कुणी जात सांगितली, कुणी पोटजात, कुणी कूळ, कुणी आडनाव. लिहिणाऱ्यानं कानाला आलं तसं लिहिलं. यंत्राला एक अक्षर बदललं की जात बदलली. कॉम्प्युटर शिकलेला कुठलाही पोरगा सांगेल की मोकळ्या रकान्यात असा गोंधळ होणारच. पण तो गोंधळ निस्तरायचा कसा, हे त्याला एकट्याला सांगता येणार नाही.

आपल्याच घरात बघा ना. १९५६ ला आपण धर्म बदलला. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहायचं हे ठरलेलं. जातीच्या रकान्यात काय? थोरला भाऊ महार लिहितो, मधला बौद्ध लिहितो, धाकटा नवबौद्ध लिहितो, आणि बहीण रागानं रकाना कोरा ठेवते. १९९० साली कायद्यानं बौद्धांना अनुसूचित जातींत जागा दिली, पण यंत्राच्या लेखी एका आईची ही चार लेकरं चार ठिकाणची. आता हा सवाल स्पेलिंगचा की समाजाचा? दोन्हीचा. आणि दोन्ही ज्याला कळतं असा माणूस त्या खुर्चीवर नव्हता, किंवा असला तर त्याला कुणी विचारलं नाही.

मग तुम्ही म्हणाल, यादी द्या आणि यादीतून निवडू द्या. बिहारनं तेच केलं. प्रत्येक जातीला कोड दिला, मोजणी केली आणि २ ऑक्टोबर २०२३ ला आकडे लोकांपुढं ठेवले. अतिमागास ३६ टक्के, इतर मागास २७, अनुसूचित जाती साडेएकोणीसच्या वर, आणि खुल्या वर्गातले साडेपंधरा टक्के. प्रस्थापितांच्या पोटात गोळा आला. बिहारनं ते धाडस केलं, त्याला माझा सलाम. पण त्याच यादीत किन्नर, हिजडा यांनाही जातीच्या रांगेत बसवून एक कोड दिला होता. लिंग कुठं, जात कुठं! दलित घरात जन्मलेल्या तृतीयपंथी माणसानं काय निवडायचं? स्वतःला की आपल्या आईबापाला? यादी करणाऱ्याला यादी करता आली, माणूस दिसला नाही.

हे मी जुनं उगाळत नाही. ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारनं जनगणनेत सगळ्यांची जात मोजायचा निर्णय घेतला. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरवली, आणि मोजणी मोबाइलवर घ्यायचं ठरवलं. म्हणजे पुन्हा रकाने, पुन्हा याद्या, पुन्हा कोड. तुमची आमची पुढच्या पिढ्यांची गणितं त्या रकान्यांवर ठरणार. त्या खोलीत आपला कोण आहे?

आता दुसरं यंत्र बघा. नागपूर, चंदीगड, पंचकुला इथल्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कामगार कुठं आहे, किती वेळ आहे, हद्द सोडून गेला का, हे साहेबाला ऑफिसात बसून दिसतं. संडासला गेलं तरी घड्याळ बघतंय, या धास्तीत बाया काम करत होत्या. हाताला घड्याळ आणि पगाराला कात्री! मी विचारतो, कामगार कुठं उभा आहे हे सांगणारं यंत्र करता येतं, तर त्या गटारात विषारी वायू किती आहे हे सांगणारं यंत्र त्याच्या मनगटावर का नाही? तंत्र कठीण आहे म्हणून? अजिबात नाही. वायू मोजणारी यंत्रं कारखान्यांत केव्हाची आहेत. २०१३ च्या कायद्यानं बिनसुरक्षा माणूस गटारात उतरवणं गुन्हा आहे. तरी माणसं उतरतात आणि मरतात. ती कुणाच्या जातीची असतात हे सांगायला मला कॉम्प्युटर लागत नाही. यंत्र करणाऱ्याला जो सवाल घातला तो त्यानं सोडवला. सवाल घालणारा मुकादम होता, कामगार नव्हता. एवढाच फरक, पण त्या फरकात माणसं मरतात.

अमेरिकेतल्या काळ्या भावंडांनी हे आधी ओळखलं. आपल्या पँथरनं १९७२ साली नाव त्यांच्याकडून घेतलं, तर आता ही विद्याही घेऊ. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन काळ्या संशोधक बायांनी चेहरा पाहून बाई की पुरुष सांगणारी मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रं तपासली. गोऱ्या पुरुषाच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्का. काळसर बाईच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत! त्यांनी केलं काय? चुकांची एकच सरासरी काढून गप्प बसल्या नाहीत. रंग आणि लिंग दोन्ही एकत्र धरून आकडे फोडले. सरासरीत काळी बाई दिसत नव्हती, फोडल्यावर दिसली. रंग आणि बाईपण एकत्र बघायचं ही समाजशास्त्राची नजर. आकडे फोडायचे हा कॉम्प्युटरचा हात. एक नसतं तर दुसरं आंधळं किंवा लुळं राहिलं असतं. आपल्याकडं जात आणि बाई एकत्र धरून असं किती यंत्रांना तपासलंय? विचारा स्वतःला.

काही जण म्हणतील, ही दोन शास्त्रं एकत्र म्हणजे नवं फॅड. खोटं आहे. आकडेमोडीचं यंत्र मोठं झालं तेच माणसं मोजता मोजता. १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेसाठी हर्मन हॉलेरिथनं भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालणारं यंत्र वापरलं. त्याची कंपनी पुढं ज्या कंपनीत मिसळली तीच १९२४ साली आयबीएम झाली. माणसांना रकान्यांत घालणं हा या धंद्याचा पहिला उद्योग आहे.

आणि आपल्या घरचं काय? १८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढं शेतकऱ्याच्या घामाचा सारा कुणाच्या शिक्षणावर खर्च होतो, याचा जाब विचारला. बाबासाहेबांनी १९१६ च्या मे महिन्यात कोलंबियात मानववंशशास्त्राच्या वर्गात जातीवर निबंध वाचला, १९१८ ला शेतीच्या तुकड्यांचा हिशेब मांडला, १९१९ ला साउथबरो समितीपुढं मताधिकारावर साक्ष दिली, १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ काढला. पोटासाठी एक आणि समाजासाठी दुसरं अशी वाटणी त्यांनी केली का? मग आपण कोण ती करणारे?

आता विद्यापीठांची गोष्ट. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेत कॉम्प्युटर सायन्स आणि सामाजिक शास्त्रं अशी जोड बी.टेक. पदवी आहे. हैदराबादच्या आयआयआयटीत कॉम्प्युटरचं बी.टेक. आणि कॉम्प्युटिंग अँड ह्यूमन सायन्सेसचं संशोधनाचं एम.एस. एकत्र करता येतं. चांगलं आहे. पण दार कुठं आहे ते बघा. दिल्लीच्या पदवीला जेईई मेन्सच्या गुणांवर प्रवेश, आणि शंभरातल्या पंच्याऐंशी जागा दिल्लीत बारावी झालेल्यांना. धारावीच्या नाहीतर मुकुंदवाडीच्या पोरीनं उरलेल्या पंधरांत घुसायचं. म्हणजे समाज शिकायला आत जायचं तर आधी भौतिक, रसायन, गणित आणि दोन वर्षांचा महागडा क्लास. ज्यांनी समाज अंगावर झेलला ते बाहेर, ज्यांनी पुस्तकात वाचला ते आत. मग ते आत बसून 'लाभार्थी' नावाचा एक रकाना आखणार आणि त्यात आपण!

आत गेलो तरी लढा संपत नाही. रोहित वेमुला हैदराबाद विद्यापीठात विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज याच विषयात पीएच.डी. करत होता. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. सात महिन्यांची फेलोशिप थकल्याचं मागं लिहून गेला. दोन शास्त्रं जोडायला निघालेल्या आपल्या पोराला व्यवस्थेनं आधी पैशानं आणि मग एकटेपणानं मारलं. म्हणून नुसता अभ्यासक्रम मागून भागणार नाही. वेळेवर स्कॉलरशिप, वसतिगृह आणि सोबतीला संघटना, हे सगळं एकाच मागणीत आलं पाहिजे.

घरचा सवाल मी टाळत नाही. बाप म्हणणार, समाजशास्त्रानं चूल पेटते का? बापाचं बरोबर आहे. म्हणून मी कॉम्प्युटर सोड म्हणत नाही. कॉम्प्युटर घे, पक्का शीक, इतका पक्का की मुलाखतीत कुणी तुला 'कोट्यातला' म्हणून हिणवायची हिंमत करणार नाही, आणि केली तर तूच त्याला बंद पाडशील. पण सोबत समाजशास्त्र घे, अर्थशास्त्र घे, संख्याशास्त्र घे. आणि आर्ट्सला गेलेल्या दोस्ता, तुलाही सूट नाही. आकड्यांना घाबरून कवितेत लपू नकोस. कविता हवीच, पण अत्याचाराच्या हजार केसेस एका तक्त्यात मांडून पोलीस कुठल्या टप्प्यावर केस मारतात हे दाखवता आलं, तर तीही कविता सरकारला झोंबेल.

आणि चळवळीतले थोरले, तुम्हीही ऐका. कॉम्प्युटर भांडवलदाराचा म्हणून दूर राहायचे दिवस गेले. १९८० च्या दशकात बँकांतल्या संघटनांनी विरोध केला, त्यामागं नोकरीची भीती होती आणि ती खरी होती. पण यंत्र आलंच. आता ते कुणाच्या हुकमानं चालेल एवढाच सवाल उरलाय.

महाराष्ट्रात २०२० च्या शिक्षण धोरणाप्रमाणे पदवीला दुसऱ्या शाखेतला विषय घ्यायची सोय कागदावर आली आहे. कॉलेजात जा आणि प्राचार्यांना लेखी विचारा: कॉम्प्युटरच्या मुलाला समाजशास्त्र मिळेल का? कलाशाखेच्या मुलीला प्रोग्रॅमिंग मिळेल का? शिक्षक आहे का? लॅब उघडी असते का? 'नाही' असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. प्रत्येक कॉलेजातले असे कागद गोळा झाले की आपण विद्यापीठावर जाऊ.

तोवर थांबू नका. विहारात, वाचनालयात, जिथं चार खुर्च्या आणि एक जुना कॉम्प्युटर असेल तिथं आठवड्याला एकदा बसा. कॉम्प्युटरवाल्यानं आर्ट्सवाल्याला तक्ता करायला शिकवावं, आर्ट्सवाल्यानं त्याला जात म्हणजे काय ते शिकवावं. पहिला धडा मी देतो. प्रत्येकानं एक सरकारी फॉर्म आणायचा, रेशनचा, स्कॉलरशिपचा, घरकुलाचा, कुठलाही. तो आपल्या आईकडून भरून घ्यायचा. ती कुठं अडली, कुठल्या रकान्यात तिचं आयुष्य मावलं नाही, ते लिहायचं. मग तो फॉर्म नव्यानं आखायचा आणि आमच्याकडं पाठवायचा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.

जयभीम.